गाठ शिकवणारी बाई

मुंबई, परळ
१९ जुलै १९५४

ती. अक्का,

तुला आणि दाजींना नमस्कार, लीलाच्या पाठीवर एक लाडाची थाप. निघण्याआधी मलकापूरला येऊन तुला भेटायचं फार मनात होतं. पण मिलने दोन दिवसांत निघायला सांगितलं, त्यामुळे राहिलं. रागावू नकोस.

मी इथे कशाला आलो ते दाजींना सांग, त्यांना हसू येईल. कामगारांना काम शिकवणारी जी माणसं असतात, त्यांना शिकवावं कसं हे शिकवण्याचा तीन आठवड्यांचा वर्ग आहे. दाजींनी ट्रेनिंग कॉलेजात केलं तेच, फक्त फळ्याच्या जागी यंत्र. आमच्या दत्तप्रसाद मिलमधून मी एकटा. बाकी दहाजण इकडच्या गिरण्यांतले, आणि रेल्वेच्या कारखान्यातला एक फोरमन. मी सगळ्यांत लहान. जेवण बरं आहे, पण तिखट म्हणून जे देतात ते तू पाहिलंस तर ताट परत करशील.

बिलिमोरिया नावाचे एक वयस्कर पारशी गृहस्थ शिकवतात. पहिल्या दिवशी त्यांनी विजेच्या दिव्याची वायर घेतली आणि एकाला पुढे बोलावून वायरीची गाठ कशी मारायची ते नुसतं तोंडाने सांगितलं. त्याला आली नाही. मग दुसऱ्याला काही न बोलता नुसती करून दाखवली. त्यालाही आली नाही. मग म्हणाले, शिकणाऱ्याला जमलं नाही तर चूक शिकवणाऱ्याच्या नावावर लिहायची. मी वहीत हे वाक्य दोनदा लिहून घेतलं. आपल्या खात्यातले मुकादम नव्या माणसाच्या पाठीत बुक्का घालून शिकवतात, ते डोळ्यांपुढे आलं.

काल माझी पाळी होती. प्रत्येकाने आपल्या गिरणीतलं एक काम सर्वांसमोर शिकवून दाखवायचं. मी रिळखात्यातली गाठ घेतली, तुझी गाठ, तू इतकी वर्षं मारलीस ती. रिळावर गुंडाळताना सूत तुटलं की टोक शोधायचं, गाठ मारायची, शेपूट तोडायचं. शिकायला तो रेल्वेचा फोरमन आला, हात म्हणजे नुसती फावडी. मी त्याच्यासमोर उभा राहिलो नाही. मागे उभा राहिलो, त्याच्या हातांवर माझे हात ठेवले, आठ-दहा वेळा तशीच गाठ मारली आणि हळूच हात सैल करत काढून घेतले. त्याला कळलंही नाही. सातव्या मिनिटाला तो आपला आपण गाठी मारत होता. शेवटी मी म्हटलं, आता मलाच शिकवा, मला काही येत नाही असं समजा. त्याने शिकवली. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या.

बिलिमोरिया साहेबांनी विचारलं, ही मांडणी कोणाची? मी सांगितलं, खात्यात चार महिने बसून काढली. तसं ते खरंच आहे, चार महिने मी टिपणं करत होतो. तुला गाठ शिकवणाऱ्या चिमणाबाईचं नाव तिथे घेऊन काय झालं असतं, तिला इथे कोण ओळखतं.

पुढच्या पंधरवड्यात परत येईन. लीलाला काचेच्या बांगड्या घेतल्या आहेत.

तुझा
अंबादास


कोल्हापूर
११ जानेवारी १९५५

ती. अक्का,

दाजींना नमस्कार. सोबत तिळगूळ पाठवला आहे, दाजींच्या शाळेतले शिपाई इकडे आले होते त्यांच्याकडे दिला. निम्मा लीलाचा. ती दुसरीत पहिली आली हे वाचून बरं वाटलं. दाजींचा खोकला कमी झाला का ते लिही.

माझं बरं चाललं आहे. मिलमध्ये नवा शिक्षण विभाग निघाला आणि त्याचा मुख्य मला केलं. कापसाच्या गोदामाशेजारची खोली चुना लावून दिली आहे. चार रिळं, एक टेबल, भिंतीवर मी तयार केलेले तक्ते. कामाचे टप्पे डाव्या बाजूला, लक्षात ठेवण्याच्या गोष्टी उजव्या बाजूला. मॅनेजर नृसिंहराव टेंबे कोणी पाहुणा आला की आधी माझ्या खोलीत आणतात. पहिल्या खेपेला नऊ बाया शिकायला आहेत. मुंबईत केलं तसं मला त्यांच्या मागे उभं राहता येत नाही, हे तुला सांगायला नको. परक्या बाईच्या हातावर हात कसा ठेवणार. म्हणून समोर उभा राहून छडीने दाखवतो. त्यात माझा डावा तो त्यांचा उजवा होतो आणि घोळ होतो. सवयीने जमेल.

तू चिमणाबाईचं विचारलं आहेस. ती बरी आहे. शिकवायचं काम विभागाकडे आल्यामुळे ती आता रिळावर असते. ते ठरलेलंच होतं.

इथे थंडी खूप आहे. रंकाळ्याकडून वारा येतो तो खोलीच्या फटींतून थेट आत. मी एक कांबळं विकत घेतलं.

शालूबाई तुला पत्र पाठवते, म्हणजे तिच्या पोरीकडून लिहवून घेते, असं कळलं. ती तुझ्याबरोबरीने रिळावर होती, तुमची मैत्री आहे, मला त्यात काही म्हणायचं नाही. पण चिमणाबाईबद्दल तिने काही लिहिलं असेल तर ते सगळंच तसं नाही. गिरणीत एका माणसाच्या हातात काही नसतं. तू इतकी वर्षं आत काढली आहेस, तुला कळतं.

तिळगूळ पोचल्याचं कळव.

तुझा
अंबादास


कोल्हापूर
२० नोव्हेंबर १९५५

ती. अक्का,

तुम्हा तिघांना नमस्कार. दसऱ्याला लिहिलेल्या पत्राचं उत्तर आलं नाही. त्याआधीच्या दोन पत्रांचंही नाही. पोस्टात गहाळ झाली असतील असं मी आधी लिहिणार होतो. तसं लिहून तो कागद फाडला.

भाऊबीजेला मी तुझ्याकडे निघालो होतो. लुगडं घेतलं होतं, लीलाला परकर-पोलकं घेतलं होतं. स्टँडवर मलकापूरची गाडी लागली, माणसं चढली, कंडक्टरने दोनदा विचारलं, "येणार का ऱ्हाणार?" मी उभा राहिलो आणि गाडी गेली. तू ओवाळणार नाहीस याची भीती नव्हती, अक्का. तू ओवाळलं असतंस. त्याचीच भीती वाटली.

शालूबाईने तुला कळवलं असणार. पण तिला जेवढं ठाऊक आहे तेवढंच तिने कळवलं असेल. बाकीचं मला लिहिलं पाहिजे.

वडील गेले तेव्हा मी नऊ वर्षांचा आणि तू सतराची. तू रिळखात्यात गेलीस. पहिल्या दिवशी रडत आलीस आणि तिसऱ्या दिवशी हसत, एवढं मला आठवतं. "चिमणाबाई म्हणून एक बाई हाय, ती मारत न्हाई," असं तू आईला सांगितलंस. मी तेव्हा ते ऐकलं आणि विसरलो. मॅट्रिक होऊन मी त्याच मिलच्या ऑफिसात लागलो, आणि नव्या बायांना शिकवणं कसं चालतं ते पाहून ये असं साहेबांनी सांगितलं, तेव्हा मी तिच्याजवळ जाऊन बसलो. चार महिने. ती शिकवायची आणि मी लिहायचो. मागे उभं राहणं तिचं. हात सैल करत काढून घेणं तिचं. "आता मला शिकीव, मी येडी हाय," हे तिचं. मुंबईला मी जे जे केलं त्यातला शब्दसुद्धा माझा नव्हता. माझी फक्त पेन्सिल.

त्या चार महिन्यांत एकदा, भर दुपारी, डोक्यावर दिवा जळत असताना तिने मला विचारलं, "अंबादास, दिवा लावलाय काय रं?" लिहिता लिहिता माझी पेन्सिल थांबली. तिला समजलं. म्हणाली, "कुणाला बोलू नगंस. शिकवाया डोळं लागत न्हाईत." मी कुणाला बोललो नाही. या एका गोष्टीचा मी पुढे वर्षभर आधार घेतला, की आपण तिचं गुपित राखलं आहे.

मुंबईहून आल्यावर, दिवाळीनंतर, टेंबे साहेबांनी बोलावलं. विभाग काढायचा तर डायरेक्टरांना कारण दाखवावं लागेल, आत्ता शिकवणं कोण करतं आणि कसं, ते या कागदावर भरून द्या, म्हणाले. छापील रकाने होते. नाव. शिक्षण. लेखी तक्ता वाचता येतो काय. शिकवण्याच्या पद्धतीची माहिती आहे काय. शिकवण्यास योग्य आहे काय. चिमणाबाईचं नाव लिहिलं. शिक्षण नाही. तक्ता वाचता येत नाही. इथपर्यंत खरं होतं. पुढे पद्धतीच्या रकान्यात मी 'नाही' लिहिलं. शेवटच्या रकान्यात 'नाही' लिहिलं आणि खाली सही केली. मला कोणी जबरदस्ती केली नाही. साहेब तर खिडकीपाशी पान जमवत उभे होते, त्यांचं लक्षही नव्हतं. तिला योग्य म्हटलं असतं तर विभाग कशाला हवा होता, आणि मी तरी कशाला हवा होतो.

पंधरा दिवसांत त्या कागदाचं कारण सांगून तिला रिळावर उभं केलं. तिला दिसत नाही हे गिरणीत मला एकट्याला ठाऊक आहे असं मी धरून होतो.

मी वाट पाहिली, की आज काही होईल, उद्या होईल. काहीच झालं नाही. एके दिवशी दारातून पाहिलं तेव्हा कारण कळलं. तिच्या एका बाजूला शालूबाई, दुसऱ्या बाजूला बनाबाई. तिचं सूत तुटलं की दोघींपैकी एक आपलं रीळ थांबवायची, तिची गाठ मारायची आणि परत आपल्या जागी. एक शब्द नाही. सगळं खातं ते पाहत होतं आणि कोणी पाहिल्यासारखं करत नव्हतं. बनाबाई तर दोन वर्षांपूर्वीच तिच्याकडे शिकलेली. सहा महिने त्यांनी असं निभावून नेलं, अक्का. मीही दारातून मागे फिरायचो. तेही माझ्या चांगुलपणात धरायचो.

जूनमध्ये साहेबांनी मला घड्याळ दिलं आणि प्रत्येक बाईचं काम मोजून मागितलं. मी मोजलं. शालूबाई आणि बनाबाई दोघी मागे पडलेल्या निघाल्या. दोन रिळांचं काम एकीने करायचं म्हटल्यावर पडणारच. मी आकडे जसेच्या तसे दिले. बनाबाईला आठवडाभर घरी बसवलं आणि शालूबाईला ताकीद मिळाली.

दुसऱ्या दिवशी चिमणाबाई भिंतीला हात लावत लावत जिना चढून ऑफिसात आली. मी तिथेच होतो. साहेबांच्या टेबलापासून दोन हात अलीकडे थांबली आणि म्हणाली, "मला दिसत न्हाई. त्या पोरींचा काय गुन्हा न्हाई. त्येंस्नी कामावर घ्या."

साहेब म्हणाले, "कधीपासून दिसत नाही?"

"तीन वर्सं झाली."

"मग एवढी वर्षं शिकवत कशी होतीस?"

"हातानं."

साहेबांनी माझ्याकडे पाहिलं. "अंबादास, तुम्ही चार महिने हिच्याजवळ बसत होता. तुम्हाला ठाऊक होतं?"

मी म्हटलं, "नाही साहेब."

ती माझ्यापासून हातभर अंतरावर उभी होती. तिने मान वळवली नाही. हेच मला तुला लिहायचं होतं आणि हेच गेल्या पत्रांत टाळत आलो. शालूबाईला हे ठाऊक नाही. त्या खोलीत आम्ही तिघेच होतो.

बनाबाईला परत घेतलं. चिमणाबाईला डॉक्टरांचा दाखला करून काढून टाकलं. ज्या दिवशी तिचा हिशेब झाला त्या दिवशी ती फाटकापाशी शालूबाईची वाट पाहत बसली होती. मी जवळ गेलो. पावलांवरून ओळखलं असेल. म्हणाली, "त्या कागदावर माझ्याबद्दल लिवलंस त्ये मला वाचून दावायचं हुतंस. मी अंगठा दिला असता. तुजं भलं हुतंय तर का न्हाई दिला असता?" आवाज चढवला नाही, रागही दिसला नाही. भोंगा झाला, शालूबाई आली आणि तिचा हात धरून घेऊन गेली.

तुला वाटेल, त्यानंतर मी काही केलं का? केलं, पण उशिरा. ऑगस्टमध्ये साहेब म्हणाले की माझे तक्ते छापून दुसऱ्या गिरण्यांना पाठवायचे आहेत, खाली माझं नाव घालून. मी सांगितलं, नाव माझं नको, ही मांडणी चिमणाबाईची आहे. साहेबांनी कपाटातून फाईल काढली आणि माझाच कागद माझ्यापुढे धरला. "पद्धतीची माहिती नाही, शिकवण्यास योग्य नाही. सही तुमची. आता मी डायरेक्टरांना काय सांगू, तुम्ही तेव्हा खोटं लिहिलंत की आता बोलताय ते खोटं?" मी म्हटलं, तेव्हा खोटं लिहिलं. साहेबांनी फाईल बांधली आणि म्हणाले, "असं कुठे बोलू नका. तुमची नोकरी जाईल आणि बाईला त्याचा फायदा काही नाही." तक्ते छापून आले. खाली माझं नाव आहे. नोकरी मी सोडली नाही. सोडीन सोडीन असं रोज म्हणतो आणि सकाळी भोंग्याला हजर असतो.

माझ्या हाताखाली आतापर्यंत एकवीस बाया शिकल्या. गाठ मारतात, पण मोठी बसते, मागावर जाऊन अडकते. विणकर बोंब मारतात. सगळे टप्पे तक्त्यावर आहेत, काही राहिलेलं नाही. फक्त हातावर हात नाही.

भाऊबीजेचं अजून संपलेलं नाही. मलकापूरची गाडी गेली आणि मी स्टँडवरच बसून राहिलो. तिथे शालूबाई दिसली. फराळाचं गाठोडं घेऊन गारगोटीच्या गाडीला निघाली होती. चिमणाबाई तिकडे भावाच्या मुलाकडे, गुंडूकडे राहते, हे मला तेव्हा कळलं. मी "येऊ का" म्हणून विचारलं. ती म्हणाली, "गाडी काय माझ्या बाची हाय?" आणि तोंड फिरवून बसली. मी चढलो.

गारगोटीच्या अलीकडे उतरून मैलभर चालावं लागतं. गुंडू अंगणात बैल धूत होता. त्याला मी विचारलं, चिमणाबाई आहेत का? त्याने सोप्याकडे बोट दाखवलं. ती भिंतीला टेकून शेंगा फोडत बसली होती. अंगाने निम्मी झाली आहे. डोळे उघडे, पण आता त्यांत काहीच नाही. शालूबाईने न बोलता आपला हात तिच्या हातात दिला. तिने अंगठ्याच्या बाजूला जिथे सूत घासून घट्टा पडतो तिथे बोट फिरवलं आणि म्हणाली, "शाले, किती वाळलीस गं." मग दोघी रडल्या, घरच्या गोष्टी झाल्या. तिने तुझंही विचारलं. तुला पोरगी आहे का, पोरगी कितवीला आहे, सगळं. शालूबाईने सांगितलं.

मग म्हणाली, "संगं कोण आलंय?"

शालूबाई बाजूला सरकली. मी पुढे होऊन तिच्याजवळ टेकलो आणि हात दिला. तिने तो दोन्ही हातांत घेतला. अंगठा चाचपला, बोटांची पेरं एकेक करून दाबली. सावकाश, खात्यात नव्या बाईचा हात बघायची तशी. मला वाटलं आता बोलेल. शिव्या दिल्या असत्या तरी चाललं असतं.

"ह्यो काय माझ्या हाताखालनं गेल्याला हात न्हाई," ती म्हणाली. हात माझ्या मांडीवर परत ठेवला. "बसा पावणं. शेंगा खावा."

मी बसून राहिलो. गुंडूच्या बायकोने गूळ आणून दिला. अर्धा तास मी शेंगा खाल्ल्या आणि त्या दोघी बोलत राहिल्या. नाव मी सांगितलं नाही. निघताना पाया पडलो, तेव्हा "असू दे, असू दे," म्हणाली, कोणाही परक्याला म्हणतात तसं.

परतीच्या गाडीत शालूबाई खिडकीबाहेर बघत म्हणाली, "तुमी अंगणात गुंडूसंगं बोललासा न्हवं, तवाच तिनं हातातली शेंग खाली ठिवलीती. आवाज वळीखला हुता तिनं." एवढंच.

पुढच्या महिन्यात मला सांगलीकडच्या एका गिरणीत विभाग काढून द्यायला पाठवणार आहेत. तिथेही शिकवणारी एखादी म्हातारी बाई असेलच. मी जाणार आहे. जाणार नाही असं लिहिलं तर ते आणखी एक खोटं होईल.

लुगडं आणि लीलाचं परकर-पोलकं टपालाने पाठवलं आहे. लीलाचं तिला दे. तुझं नेसावंसं वाटलं नाही तर कुणाला देऊन टाक, मला कळवू नकोस. उत्तराची वाट पाहणार नाही असं लिहीत नाही, कारण पाहीन. पण तू लिहिलं नाहीस तर का लिहिलं नाहीस ते आता मला ठाऊक आहे.

दाजींना हे पत्र वाचायला दिलंस तरी चालेल.

तू नऊ वर्षं रिळावर उभी राहून ज्याला लिहायला शिकवलंस तो
अंबादास